देवगडच्या आंबा ऑफिसातला डॉस संगणक: बारीक अक्षराचं प्रकरण

तक्रार आली ती हिशेबाची होती, अक्षराची नव्हती. देवगडला लागून असलेल्या जामसंड्यात आंब्याच्या पेट्या गोळा करून वाशी मार्केटला पाठवणारं एक ऑफिस आहे. हंगाम उतरला, जून लागला आणि पट्ट्यांचा, म्हणजे दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदांचा, ताळा सुरू झाला, तेव्हा एका बागायतदाराच्या खात्यावर ३३ पेट्यांऐवजी ३८ पेट्यांचे पैसे जमा झालेले निघाले. आणखी शोधल्यावर त्याच जातीच्या चुका मिळाल्या. कुठे तीनचा आठ, कुठे पाचचा सहा. मालकांच्या पुतण्याने ठरवून टाकलं की दिवाणजींचं आता वय झालं. दिवाणजींना सगळं ऑफिस अण्णा म्हणतं. मी संगणक दुरुस्त करणारा. त्यांनी मला बाजूला घेऊन एका वाक्यात खरं ते सांगितलं, "माका आता ह्यां कायच दिसणा नाय."

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण जुन्या डॉस संगणकावर (डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, लिहिलेल्या आज्ञांवर चालणारी प्रणाली) अक्षर मोठं करायचं म्हटलं की लोक एक तर मोठा मॉनिटर आणतात, नाहीतर संगणकच भंगारात काढायला निघतात. त्याआधी पडद्यावर ओळी किती आहेत ते मोजावं, असं माझं ठाम मत आहे. इथे ते कुणीच मोजलं नव्हतं.

यंत्र आणि त्यावरचं काम

४८६ जातीचा संगणक, एमएस-डॉस ६.२२, फॉक्सप्रोमध्ये (नोंदी सांभाळणारे प्रोग्राम लिहायच्या जुन्या साधनात) लिहिलेला खतावणीचा प्रोग्राम आणि शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. विंडोज नाही, माउस नाही. वाशीच्या दलालाकडून पट्टी आली की अण्णा खातेदाराचं नाव काढतात, पेट्या आणि दर भरतात, हमाली आणि भाडं वजा होतं आणि निव्वळ रक्कम खात्यावर पडते. नावं रोमन अक्षरांत आहेत. त्या काळी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलं की डॉसवर देवनागरी दिसायची, पण या यंत्रात ते कधीच नव्हतं. अण्णांची बोटं या प्रोग्रामवर इतकी बसलेली आहेत की ते कीबोर्डकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणूनच मालकांना हे यंत्र बदलायचं नव्हतं, आणि मलाही ते पटलं.

आधीचा १४ इंची काचेचा मॉनिटर गेल्या पावसाळ्यात गेला. पुतण्याने त्याच्या जागी साडेअठरा इंची रुंद एलसीडी आणला. मोठा पडदा म्हणजे मोठं अक्षर, हा त्याचा हिशेब होता. अण्णांच्या चुका वाढल्या त्या नेमक्या त्यानंतर.

पन्नास ओळी

प्रॉम्प्टवर, म्हणजे डॉसला आज्ञा लिहायच्या जागी, डीआयआर लिहायचं, मग तिरकी रेघ आणि पी. फायलींची यादी एक पडदा भरला की थांबते. थांबल्यावर ओळी मोजायच्या. नेहमीच्या डॉस पडद्यावर २५ भरतात. इथे ५० भरल्या.

निम्मं प्रकरण इथेच उलगडतं. व्हीजीए हे मॉनिटरला चित्र पाठवणाऱ्या कार्डाचं मानक आयबीएमने १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर आणलं. त्याच्या अक्षरी पडद्यावर उभ्या दिशेला ४०० रेषा असतात आणि आडवे ७२० ठिपके. एका अक्षराला १६ रेषा दिल्या की २५ ओळी बसतात, ८ दिल्या की ५०. आडव्या दिशेला ९ ठिपक्यांचं एक घर, अशी ८० घरं. मध्येच कुठेतरी मनाजोगता आकार निवडायची सोय इथे नाही. मोड या आज्ञेला २५, ४३ आणि ५० एवढेच ओळींचे आकडे कळतात.

अक्षर निम्म्या उंचीचं झालं की नेमकं काय हरवतं, हे मी अण्णांना चौकटीच्या कागदावर काढून दाखवलं. आयबीएमच्या आठ-बाय-आठच्या साच्यात इंग्रजी तीन आणि इंग्रजी आठ दोन्ही सात रेषा उंच असतात. वरची कमान तीच, खालची तीच. फरक फक्त डाव्या बाजूला, तिथे आठ बंद आहे आणि तीन उघडा. तो फरक एकूण ५ ठिपक्यांचा. आठ-बाय-सोळाच्या साच्यात हेच आकडे दहा रेषा उंच होतात आणि त्यांच्यात ११ ठिपक्यांचा फरक पडतो. पाच ठिपके धूसर झाले की तीन आणि आठ वेगळे ओळखायला डोळ्याकडे आधारच उरत नाही. पाच आणि सहाची गत साधारण तशीच. अण्णांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि मग पुतण्याला बोलावून दाखवला. ते त्यांनी केलं याचं मला फार बरं वाटलं, कारण दोष त्यांच्या लक्ष देण्यात नव्हता हे ऑफिसात कुणाला तरी कळायलाच हवं होतं.

रुंद एलसीडीने त्यात भर घातली. १४ इंची काचेच्या मॉनिटरचा दिसणारा भाग अंदाजे २७ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच. साडेअठरा इंची एलसीडी ४१ बाय २३. म्हणजे अक्षर आडवं दीडपट ताणलं गेलं आणि उंचीत जेमतेम सातवा हिस्सा वाढलं. शिवाय एलसीडीचे स्वतःचे ठिपके ठरलेले असतात. या मॉनिटरवर उभ्या दिशेला ७६८ होते, कार्डाकडून येत होत्या ४०० रेषा. एका रेषेच्या वाट्याला दोनही पुरे येत नाहीत, म्हणून मॉनिटर शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतो. काचेच्या मॉनिटरवर असलं गणित नव्हतं. तिथे आठ-बाय-आठचं अक्षर बारीक असलं तरी रेखीव दिसायचं, आणि त्या रेखीवपणावर अण्णांनी इतकी वर्षं काढली.

पन्नास ओळी आल्या कुठून, ते शोधायला वेळ लागला नाही. यंत्र सुरू होताना डॉस दोन फायली वाचतो: त्यातल्या कॉन्फिग.सिसमध्ये एएनएसआय.सिस (ओळींचा आकडा बदलायला मोडला लागणारा ड्रायव्हर) चढवलेलं होतं, ऑटोएक्झेक.बॅटमध्ये "मोड कॉन लाइन्स=५०" ही ओळ होती, आणि फॉक्सप्रोच्या मुख्य प्रोग्रामच्या सुरुवातीला "सेट डिस्प्ले टू व्हीजीए५०". तिन्ही अण्णांच्याच सांगण्यावरून घातलेल्या. एका खातेदाराचा अख्खा हंगाम एका नजरेत दिसला की ताळा पटकन बसतो, म्हणून प्रोग्राम लिहून देणाऱ्याकडून त्यांनी ते मागून घेतलं होतं. तेव्हा डोळे चांगले होते आणि मागणी रास्त होती.

नुसतं २५ करून भागेना

ऑटोएक्झेक.बॅटमधली ओळ मी पुसली नाही, तिच्याआधी आरईएम लिहून ती निजवली. फायलीची प्रत आधीच फ्लॉपीवर घेतली होती. कुणी हे घरी करणार असेल तर एक लक्षात ठेवा: यंत्र सुरू होताना "स्टार्टिंग एमएस-डॉस" दिसलं की एफ८ दाबा, मग डॉस प्रत्येक ओळ विचारून चालवतो. एफ५ दाबलं तर दोन्ही फायली वगळून सुरू होतो. हे ठाऊक असलं की या फायलींना हात लावायची भीती राहत नाही.

फॉक्सप्रोतल्या ओळीच्या आधी फुली घालून तीही बंद केली. मूळ प्रोग्रामच्या फायली त्याच डिस्कवर होत्या, ते नशीब. पडदा २५ ओळींवर आला, अक्षर दुप्पट उंच झालं, भरणीचा पडदा अण्णांना चष्म्याशी न झगडता वाचता आला. भरणीचा पडदा मुळात पहिल्या २५ ओळींतच बसवलेला होता, म्हणून काही मोडलं नाही. तसा नसता तर पंचविसाव्या ओळीच्या खाली काही लिहायला गेल्यावर फॉक्सप्रो जागा पडद्याबाहेर असल्याची चूक दाखवून थांबला असता. कुणाच्या प्रोग्राममध्ये असं होत असेल तर नुसता मोड बदलून चालणार नाही, पडद्याची मांडणी बदलावी लागेल.

पण ताळ्याची यादी आता निम्मीच दिसायला लागली. अण्णा वर-खाली सरकवत राहिले आणि हातातली पट्टी कुठवर जुळवली तेच विसरायला लागले. वाचता येतंय पण काम होत नाही, अशी ती अवस्था. जुन्या अक्षरी पडद्यावर अक्षराचा आकार म्हणजे ओळी आणि कॉलमांची वाटणी. एका बाजूला वाढवलं की दुसरीकडून जातं. तेव्हा सगळ्या कामांना मिळून एकच आकार शोधणं मी सोडून दिलं. कुठल्या कामाला काय लागतं, एवढंच अण्णांना विचारलं.

त्यांचं उत्तर फार स्पष्ट होतं. भरताना एकच नोंद दिसली तरी पुरे, पण आकडा चुकता कामा नये. ताळा करताना आकडे ओळखीचे असतात, कारण समोर कागद असतो. तिथे यादी लांब हवी. आणि पट्टी छापायच्या आधी एकदा फक्त पेट्या आणि दर डोळ्यांखालून घालायचे असतात, तिथे बाकी काही नको.

म्हणून तीन वाटा केल्या. भरणीसाठी दोन ओळींचा छोटा प्रोग्राम: पहिल्या ओळीत सेट डिस्प्ले टू व्हीजीए२५, दुसरीत मुख्य प्रोग्रामला हाक. ताळ्यासाठी तसाच दुसरा, फक्त व्हीजीए५०. तिसरी वाट पडताळ्याची, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच ठरली.

चाळीस कॉलम

डॉसच्या प्रॉम्प्टवर "मोड सीओ४०" लिहून एंटर मारला की पडदा ४० कॉलम आणि २५ ओळींचा होतो. टाइप करताना मोड, एक मोकळी जागा, मग सी, ओ, चार, शून्य. परत यायला "मोड सीओ८०". याला एएनएसआय.सिस लागत नाही, ही कार्डाची स्वतःची सोय आहे, आणि ती १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीच्या रंगीत कार्डापासून चालत आली आहे, कारण तेव्हा घरचा टीव्हीही संगणकाला जोडता येई आणि टीव्हीवर ८० कॉलम नीट उमटत नसत. प्रत्येक ठिपका आडवा दुप्पट होतो. अक्षराची उंची तीच, रुंदी दुप्पट. आधी ते विचित्र वाटतं, पण आकडे वाचायला फार चांगलं, कारण तीन आणि आठमधला फरक डाव्या बाजूला असतो आणि नेमकी तीच बाजू रुंद होते. ज्यांच्या यंत्रात जुनं एकरंगी कार्ड आहे त्यांना मात्र हे मिळणार नाही. ते कार्ड ८० कॉलमांपलीकडे काही जाणत नाही.

खतावणीचा प्रोग्राम ४० कॉलमांत चालवता येत नाही. नाव, पेट्या, दर, दलाली, हमाली, भाडं, निव्वळ रक्कम एवढं सगळं त्यात मावणार कसं? पण पडताळ्याला एवढं लागतच नाही. म्हणून फॉक्सप्रोला त्या दिवशीच्या नोंदींतलं नाव, पेट्या आणि दर एवढंच एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहायला लावलं. सेट अल्टरनेट ही आज्ञा तेवढं करते. प्रोग्राममधून बाहेर पडल्यावर मोड सीओ४०, आणि ती फाइल मोअर या आज्ञेने पडदा-पडदा दाखवायची. अण्णा मोठ्याने आकडा वाचतात, पुतण्या कागदी पट्टीवर टिक करतो.

या तिन्ही वाटांसाठी सकाळचा मेनू एका बॅच फायलीत, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या फायलीत, केला. तोही ४० कॉलमांतच उघडतो, मोठ्या अक्षरांत तीन ओळी, आणि चॉइस ही आज्ञा एक, दोन किंवा तीनची वाट बघते. चॉइस डॉस ६ पासून आहे, त्याआधीच्या डॉसवर ती मिळणार नाही. बॅच फाइल लिहिणाऱ्यांनी एररलेव्हल, म्हणजे चॉइसने परत दिलेला आकडा, तपासताना मोठ्या आकड्यापासून खाली यावं. "एररलेव्हल १" ही अट एक किंवा त्याहून मोठ्या कुठल्याही आकड्याला खरी ठरते, म्हणून एक आधी तपासला तर दोन आणि तीन दाबूनही भरणीच उघडते. काम संपून मेनूवर परत येताना मोड सीओ४० पुन्हा द्यावं लागतं, कारण फॉक्सप्रोने मधल्या काळात पडदा आपल्या सोयीचा करून घेतलेला असतो.

मॉनिटर, रंग आणि चष्मा

रुंद एलसीडी पुतण्याने घरी नेला. त्याच्या जागी कणकवलीहून जुना १७ इंची चौकोनी एलसीडी आणला, १२८० बाय १०२४ ठिपक्यांचा. असले मॉनिटर आता जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात आणि डॉससाठी रुंद पडद्यापेक्षा केव्हाही बरे. उंची २७ सेंटिमीटर. २५ ओळींत एका ओळीला जवळजवळ ११ मिलिमीटर मिळतात आणि आकडा स्वतः साडेसहा मिलिमीटरच्या वर जातो. काचेच्या मॉनिटरवर ५० ओळींत तोच आकडा साडेतीन मिलिमीटरचा होता. भागाकार इथेही पूर्ण जात नाही, पण एका रेषेला अडीच ठिपके मिळतात, म्हणून मिसळलेल्या भागाचं प्रमाण कमी आणि कडा बऱ्याच स्वच्छ.

या मॉनिटरवर पहिल्यांदा काही अक्षरांच्या उभ्या रेषा जाड आणि काहींच्या बारीक दिसल्या. मॉनिटरच्या मेनूत पाहिलं तर तो पडदा ६४० बाय ४०० समजत होता. ७२० आणि ६४०, दोन्हींची आडवी वारंवारता ३१.५ किलोहर्ट्झ आणि उभी ७० हर्ट्झ, त्यामुळे मॉनिटरला अंदाजच करावा लागतो. अशा वेळी ऑटो अ‍ॅडजस्टचं बटण दाबतात, पण ते रिकाम्या काळ्या प्रॉम्प्टवर दाबलं तर उपयोग नाही, पडद्याची कड कुठे आहे हे मॉनिटरला दिसायला हवं. डॉसचा एडिट उघडा. त्याचा निळा पडदा चारही कडांपर्यंत भरलेला असतो. तो समोर ठेवून बटण दाबलं, मग मेनूतल्या क्लॉक आणि फेजच्या पट्ट्या हाताने थोड्या सरकवल्या, आणि रेषा सारख्या झाल्या.

रंगाचं थोडक्यात. प्रोग्राम निळ्यावर पिवळा होता. तो काळ्यावर ठळक पांढरा केला, फॉक्सप्रोत सेट कलर टू, मग डब्ल्यू, अधिकचं चिन्ह, तिरकी रेघ, एन. ते अधिकचं चिन्ह विसरलं तर पांढरा राखाडी होतो. पांढऱ्यावर काळंही करून पाहिलं, पण अण्णांना पडद्याचा उजेड डोळ्यांवर आला.

आता चष्मा. अण्णांचा चष्मा दुहेरी काचेचा, खालची काच जवळच्या वाचनाची. मॉनिटर कॅबिनेटच्या डोक्यावर ठेवलेला, म्हणजे खालच्या काचेतून बघायला त्यांना हनुवटी वर करून मान मागे टाकावी लागे. आणि हातातला कागद असतो फुटा-सव्वाफुटावर, तर पडदा दोन फुटांवर. वाचनाची काच पडद्याच्या अंतरासाठी बनवलेलीच नसते. कॅबिनेट टेबलाखाली नेलं, मॉनिटर थेट टेबलावर ठेवला, आणि अण्णांना मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना पडद्याचं अंतर टेपने मोजून न्यायला सांगितलं. त्या अंतराचा वेगळा चष्मा त्यांना मिळाला. मोतीबिंदूची सुरुवातही तिथेच कळली. संगणक दुरुस्त करणाऱ्याने चष्म्याबद्दल बोलू नये असं काही जण मानतात, मी मानत नाही. अक्षर यंत्रात मोठं होतं तसं डोळ्यातही मोठं व्हावं लागतं, आणि हिशेबाची चूक या दोहोंपैकी कुठूनही येऊ शकते.

लिनक्सवाल्यांसाठी

ज्यांचा जुना संगणक डॉसऐवजी लिनक्सच्या काळ्या पडद्यावर चालतो, त्यांचं गणित वेगळं आहे. तिथला पडदा बहुतेक वेळा मॉनिटरचे सगळे ठिपके वापरतो, म्हणून १३६६ ठिपक्यांच्या रुंदीत आठ ठिपक्यांची १७० अक्षरं बसतात आणि मजकूर मुंगीएवढा होतो. तिथे सेटफॉन्ट या आज्ञेने टर्मिनस या फॉन्टचा १६ बाय ३२ चा आकार चढवला की त्याच पडद्यावर ८५ कॉलम आणि २४ ओळी राहतात. डेबियन जातीच्या लिनक्सवर कन्सोल-सेटअपमध्ये तो कायमचा ठरवता येतो. पण तो लिनक्स जुन्या व्हीजीएच्या अक्षरी मोडमध्येच चालत असेल तर रुंदी आठ-नऊ ठिपक्यांपुढे जात नाही, तिथे फक्त उंची बदलते.

पुढचं

यंत्राची डिस्क जुनी आहे आणि देवगडची हवा खारी. म्हणून सगळ्या डीबीएफ, म्हणजे खतावणीच्या नोंदींच्या, फायलींची प्रत पुतण्याच्या लॅपटॉपवर घेतली. उद्या यंत्र गेलंच तर खतावणी तिथे चालवावी लागेल. ६४ बिटांचं विंडोज डॉसचा प्रोग्राम स्वतः चालवत नाही, मध्ये काहीतरी लागतं. मी त्यासाठी व्हीडॉस सुचवून ठेवला आहे. डॉसबॉक्स मुख्यतः खेळांसाठी बनवलेला, तर व्हीडॉस कामाच्या प्रोग्रामांसाठी. तो अक्षरं ट्रूटाइप फॉन्टने काढतो, म्हणून खिडकी मोठी केली तरी अक्षर फुटत नाही. पण अण्णा ऑफिसात आहेत तोवर आणि ते यंत्र सुरू होतंय तोवर, घाई करू नका असं मी मालकांना सांगितलं.

पडताळ्याच्या यादीत एक अडचण राहिली होती, ती अण्णांनीच काढली. ४० कॉलमांत पेट्या आणि दर बसवल्यावर नावाला जागा तोकडी पडत होती आणि एकाच वाडीतल्या, एकाच आडनावाच्या दोन भावांची नावं कापली जाऊन अगदी एकसारखी दिसत. आडनाव आधी आणि नाव नंतर, असा त्या खतावणीचा क्रम आहे. नाव आडनावाच्या आधी आणण्याऐवजी अण्णांनी खातेक्रमांक सगळ्यात आधी घ्यायला लावला, कारण बागायतदारांना ते क्रमांकानेच ओळखतात. फॉक्सप्रोमधली एक ओळ बदलावी लागली, तेवढंच.